इटलीची वाइन आणि खिडकीतली कुंडी

आमच्याकडे चहा झाला की शेजाऱ्यांना कळतं. बाबा आणि मी, दोघंही चहा चाखण्याच्या धंद्यातले. चमचाभर चहा सुर्रकन असा ओढायचा की त्याचा वास टाळूवरून थेट नाकात चढला पाहिजे. मग तो तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. दिवसभर वाट्यांमागून वाट्या चाखायच्या, गिळत बसलो तर झोपच उडेल. या सवयीपायी आई आम्हाला कुणाकडे जेवायला नेत नाही. सूपसुद्धा थुंकाल, म्हणते.

गेल्या थंडीत बाबांना ताप आला. ताप गेला, पण जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. तेव्हापासून ते चारचौघांसारखा चहा पितात, आवाज न करता. ‘चवच कळत नाही तर थुंकायचं कशाला?’ म्हणतात. त्यांना असं मुकाट्याने गिळताना मला बघवत नाही. चहा कंपनीच्या मालकांनी नव्या हंगामापर्यंत सांभाळून घेतलं होतं. सोमवारी हंगाम सुरू होणार होता आणि पहिली वाटी बाबांनीच चाखायची होती.

शनिवारी बाबांनी कपाटात आडवी ठेवलेली बाटली काढून टेबलावर उभी केली. इटलीतल्या एका नामांकित मळ्याची ती लाल वाइन. माझ्या जन्माच्या वेळी तिकडच्या एका व्यापाऱ्याने भेट दिलेली, म्हणजे माझ्याच वयाची. बाबा निवृत्त होतील त्या दिवशी ती उघडायची, असं ठरलेलं.

‘गाळ खाली बसू दे,’ ते म्हणाले. ‘उद्या उघडू. हिचाही वास आला नाही, तर परवा मी मालकांना राजीनामा देतो. न चाखता लोकांचा माल पास करायचा नाही.’

‘अहो, बाटलीला विचारून कुणी नोकरी सोडतं का?’ आई म्हणाली.

रविवारी जेवण लवकर आटपलं. बूच निम्म्यात मोडलं आणि माझं डोकं तापलं. बूच, स्क्रू, इटली, सगळ्यांचा उद्धार करून झाला. आईने शांतपणे चहाची गाळणी पुढे केली. गाळणीतून वाइन उतरली ती जुन्या विटेच्या रंगाची.

मी ग्लास नाकाशी नेला. आधी नुसता बंद कपाटाचा वास आला. जरा थांबून पुन्हा हुंगलं आणि अंगावर काटाच आला. इतकी वर्षं त्या काचेत कोंडून राहिलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं. मला टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं. पण कसला वास ते मी आधी सांगितलं, तर बाबांचं नाक तोच वास शोधत बसणार. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

बाबांनी ग्लास उचलला. वास घेतला. एक घोट घेतला.

आणि गिळला.

‘छान आहे,’ ते म्हणाले.

आमच्या धंद्यात छान म्हणजे काहीच नाही. आईने मान खाली घातली. मला रडू यायला हवं होतं, पण मला आला राग. मी त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला, त्यांच्या कामाच्या पिशवीतून पांढरी वाटी आणि चमचा आणला आणि वाइन वाटीत ओतली.

‘पाहुण्यासारखे काय पिताय? चाखायचं तर नीट चाखा.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चमचा भरला आणि असा काही सुर्रकन ओढला की शेजारच्यांची खिडकी धाडकन बंद झाली. त्यांचे डोळे मिटले. गाल हलू लागले, डावीकडे, उजवीकडे. मी टेबलाची कड घट्ट धरली होती. बाबा तसेच उठले, खिडकीशी गेले आणि तिथल्या कुंडीत पचकन थुंकले.

‘अहो, काय हे!’ आई ओरडली. ‘एवढी जपलेली वाइन कुंडीत?’

बाबा हनुवटी पुसायची विसरून कुंडीकडे बघत राहिले.

‘गुलाब,’ ते हळूच म्हणाले. ‘वाळलेला. मागून तंबाखूचं पान.’ मग माझ्याकडे वळले. ‘आणि बुचाचा भुगा राहिलाय. गाळायला शिक जरा.’

एवढी सुंदर शिवी मी आजवर खाल्ली नव्हती. मी हसत होते आणि नाक पुसत होते. आईच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग ती उठली, खिडकीतली कुंडी उचलली आणि आणून टेबलावर बाबांच्या पुढ्यात ठेवली.

‘थुंका,’ ती म्हणाली. ‘हवं तेवढं थुंका.’