नाव तेवढं बदललं

लातुरात शिकवणीच्या मुली खोल्यांत कोंबून भरतात आणि त्यांच्या मनाची काळजी घेतो हे दाखवायला जिन्याखाली एक टेबल मांडतात. या वर्षी ते टेबल मंजुश्रीच्या वाट्याला आलं होतं. मंजुश्री उदगीरची, समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात ती आठवड्यातून दोनदा समुपदेशनाला जायची. देखरेखीला कॉलेजचे उमाशंकर सर होते. वर्गात ते नेहमी सांगायचे, ऐकलेलं पोटात ठेवायला शिका. मंजुश्रीला ते वाक्य फार आवडायचं.

टेबलाशी येणाऱ्या मुलींत धम्मप्रिया होती. बरेच दिवस ती नुसती येऊन बसायची, ओढणीचं टोक चघळायची आणि अभ्यास चांगला चाललाय म्हणून निघून जायची. मग एका दुपारी खाली बघत म्हणाली, "ताई, झोपेत माझं अंथरूण ओलं होऊन राहिलंय. इथं आल्यापासून."

सतरा वर्षांची मुलगी. दिवस कलला की पाणी प्यायचं बंद करायची, चादर गच्चीवरच्या टाकीमागं वाळत घालायची आणि खोलीतल्या कुणाच्या आधी उठता यावं म्हणून धड झोपायचीही नाही. अशाने परीक्षा कशी देणार, याची तिला धास्ती होतीच. पण कुणाला कळलं तर इथं राहताच येणार नाही, ही धास्ती त्याहून मोठी होती.

"कुणाला सांगणार न्हाई ना?"

"न्हाई. माझ्यापाशीच राहील." मंजुश्रीने शब्द दिला आणि मनापासून दिला.

पण शिकाऊ माणसाला सगळंच स्वतःपाशी ठेवता येत नाही. दर शनिवारी सगळ्या विद्यार्थ्यांनी सरांसमोर बसून आपापल्या केसबद्दल बोलायचं, नाव बदलून बोलायचं आणि पुढं काय करावं ते विचारायचं, अशी रीत होती. एरवी ही बैठक कॉलेजात व्हायची. त्या शनिवारी सरांनी ती वसतिगृहाच्या जेवणघरात ठेवली, कारण तिथं पंखा होता आणि चहा फुकट होता. वसतिगृहाच्या रेक्टर गंगम्माबाई चहा घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून तिथंच बसल्या. मंजुश्री अडखळली.

"बाई आपल्याच आहेत. बोल," सर म्हणाले.

ती बोलली. धम्मप्रियाची तिने कविता केली. कविता, भोकरची मुलगी, घरापासून पहिल्यांदाच लांब राहिलेली. पुढचं तिने जपून, हळू आवाजात सांगितलं.

आता या वसतिगृहात नावाने हाक मारतं कोण? ए किनवट, बादली उचल. ए निलंगा, तुझा फोन. देगलूरच्या दोघी, म्हणून एक थोरली देगलूर आणि एक धाकटी देगलूर. नाव हजेरीपुरतं, बाकी गावच नाव. भोकर सगळ्या इमारतीत एकच होती. मंजुश्रीला स्वतःला कॉलेजच्या खोलीवर सगळ्या 'उदगीर' म्हणायच्या, तरी हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिने खोटं नाव सांगितलं आणि खरं नाव भर बैठकीत देऊन बसली.

सोमवारी ती आली तेव्हा गादी कठड्यावर टाकलेली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला डाग दिसेल अशी. धम्मप्रियाला खालच्या मजल्यावर न्हाणीघराशेजारच्या कोठीत हलवलं होतं, पलंगावर रेक्झिन अंथरलं होतं. मुली ओढणी नाकाला लावून जात होत्या. एक तर हसत म्हणाली, "भोकरला पूर आला."

मंजुश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक गंगम्माबाईंच्या खोलीत शिरली.

"मी वाईट काय केलं?" बाई म्हणाल्या. "गादी हॉस्टेलची हाय. पोरीची सोय केली, बापाला फोन केला. येऊन राहिलाय घ्यायला."

मंजुश्रीने सरांना बोलावून घेतलं. सर आले, गादी बघितली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तू गावाचं नाव घ्यायला नको होतं."

"घेतलं. माझं चुकलं. पण बाईंना बैठकीत कुणी बसवलं?"

"हे बघ, संस्था मोठी आहे. संबंध राखावे लागतात, नाहीतर उद्या तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही. आणि फील्डवर्कमध्ये चुका होतातच. त्यातूनच शिकायचं असतं."

"शिकायचं आपण आणि उघडं पडायचं तिनं?" मंजुश्रीचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिची मुळीच इच्छा नव्हती. "चला, तिच्यासमोर सांगा, चूक आपली आहे म्हणून."

"त्याने प्रकरण वाढतं," सर म्हणाले आणि गंगम्माबाईंशी बोलायला आत गेले. आतून कपबशांचा आवाज आला. हा माणूस आत्ता चहा पिऊ शकतो, याचा मंजुश्रीला संताप आला. तिने एकटीनेच ती गादी कठड्यावरून ओढून काढली आणि डागाची बाजू भिंतीकडे करून उभी केली. कुणी मदतीला आलं नाही.

फाटकापाशी धम्मप्रियाचे वडील आनंदराज पेटी घेऊन उभे होते. भोकरहून नांदेड, नांदेडहून लातूर, असे दोन एसट्या बदलून आलेले. शेजारी धम्मप्रिया मान खाली घालून उभी होती. मंजुश्रीला बघताच त्यांनी पेटी खाली ठेवली आणि हात जोडले.

"मॅडम, लई उपकार झाले. बाई म्हणल्या, तुमीच सांगितलं म्हणून. आमची पोर तोंड उघडणारी न्हाई. आता नांदेडला चांगल्या डॉक्टरला दाखवतो."

"काका, उपकार नका म्हणू. तिचा यात काहीच दोष नाही. ते आमच्याकडून..."

धम्मप्रियाने तेव्हा मान वर केली. डोळे कोरडे होते.

"तुमी आता काही बोलू नका, ताई," ती म्हणाली. "तुमी बोललं की समद्यांना कळतं."

"असं बोलावं का मॅडमला," म्हणून आनंदराज तिच्यावर रागावले. मंजुश्रीकडे बघून ओशाळं हसले, पुन्हा एकदा हात जोडले आणि पेटी उचलून चालू लागले.