चोराचे तोंड पाहण्याचा आरसा

वाचकहो, ज्याच्याशी बोलणं टाकलंय असं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. नर्सबाईंच्या घरात ती त्यांची धाकटी बहीण होती.

आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं नर्सबाईंनी एकटीने केलं. धाकटी त्याच शहरात, बसने वीस मिनिटांवर राहायची. फोनवर म्हणायची, "ताई, तू तर नर्सच आहेस. तुला सवय आहे." आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी ते वाक्य काही नर्सबाईंच्या डोक्यातून गेलं नाही. जाईल कसं? ते जावं असं त्यांना वाटतच नव्हतं.

निवृत्तीनंतर त्या दर मंगळवारी जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत जाऊ लागल्या. तिथे दहा-बारा स्वयंसेवक शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची हातानं लिहिलेली मृत्युपत्रं वाचून संगणकावर उतरवत. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात जन्म गेल्यामुळे नर्सबाईंचं कोणत्याच अक्षरापाशी अडत नसे. नियम एकच होता. असेल तसं उतरवायचं, चूक सुधारायची नाही आणि शिवी गाळायची नाही.

शिव्याच तर त्यांना हव्या होत्या. मेलेल्यांनी जिवंतांना मारलेले टोमणे त्या एका वहीत टिपून ठेवत, कारण त्यांना स्वतःचं मृत्युपत्र लिहायचं होतं. त्यातलं एक कलम ठरलेलं होतं: 'आईचं बेडपॅन माझ्या धाकट्या बहिणीस द्यावं, कारण तिने ते कधी पाहिलेलं नाही.' बेडपॅन घासूनपुसून माळ्यावर तयार होतं. वकील वाचतोय, सगळे नातेवाईक बसलेत आणि धाकटीचं तोंड एवढंसं झालंय, हे चित्र डोळ्यांपुढे आणलं की त्यांना जेवण गोड लागे.

त्या मंगळवारी एका सुताराचं मृत्युपत्र हाती आलं. भावाने त्याची हत्यारांची पेटी लांबवली होती म्हणे. सुताराने लिहिलं होतं: 'माझ्या सख्ख्या भावास एक आरसा द्यावा, म्हणजे रोज सकाळी त्यास चोराचे तोंड पाहावयास मिळेल.'

"वा रे पठ्ठ्या!" नर्सबाई मोठ्यानेच म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावर फाटके कागद जोडणाऱ्या बाइंडरकाकांनी मान वर केली. नर्सबाईंनी त्यांना ती ओळ वाचून दाखवली आणि भरात येऊन बेडपॅनचं कलमही सांगून टाकलं. काका हसले नाहीत.

"मागचा कागद बघितलात का?" त्यांनी विचारलं. "वस्तू दिल्याची पावती असते तिथे."

नर्सबाईंनी पान उलटलं. कारकुनाने वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'भाऊ चार महिन्यांपूर्वी वारल्याने वस्तू त्याच्या मुलीस दिली. चोराचे तोंड पाहण्याचा आरसा, नग एक. मिळाला.' खाली अंगठा होता आणि अंगठ्याशेजारी 'वय वर्षे नऊ'.

किती लहान होता तो अंगठा! नर्सबाईंनी शेकडो पोरांचे हात धरून सुया टोचल्या होत्या. नऊ वर्षांच्या मुलीचा हात केवढा असतो, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"भाऊ गेल्याचं सुताराला कळलं नसेल?" त्यांनी हळूच विचारलं.

"बोलणंच नसेल तर कळणार कसं? बाई, मेलेला माणूस दगड भिरकावतो, पण लागला कुणाला ते बघायला तो नसतो."

"मग मी सगळं गिळून टाकू? तीन वर्षं, काका!"

"कशाला गिळता? तुमचा राग खराच आहे. पण बहीण जिवंत आहे, तिला तोंडावर सांगा. तिलाही उत्तर देता आलं पाहिजे. मृत्युपत्रातून भांडणं म्हणजे आतून कडी लावून शिव्या घालणं."

धाकटीला एकच मुलगी. दर रविवारी फोन करून "मावशी, गोळ्या घेतल्यास का?" म्हणून विचारणारी. उद्या धाकटी आधी गेली, तर ते बेडपॅन या पोरीच्या हातात पडणार होतं. नर्सबाईंना ऐकूही आलं, वकील नाव घेतोय आणि ती पोर उठून उभी राहतेय. त्यांनी पावती अक्षरन् अक्षर उतरवली, 'वय वर्षे नऊ' सुद्धा.

घरी येताच त्यांनी वही फाडली, माळ्यावरून बेडपॅन काढून टेबलावर ठेवलं आणि सहा वर्षांनी तो नंबर लावला.

"ताई?"

"माफ करायला फोन केलेला नाही. भांडायला केलाय. ये इकडे."

मग धाकटी म्हणाली, "येते. तू कधी ओरडतेस याचीच वाट बघत होते."

ती आली. असं कडाक्याचं भांडण झालं, की शेजारणीने आपली खिडकी लावून घेतली. "मला आईला तसं बघवत नव्हतं गं," धाकटी रडत म्हणाली. "मला बघवत होतं?" नर्सबाईंनी विचारलं. धाकटीने बेडपॅन दोन्ही हातांनी उचललं.

"हे माझं आहे. मी नेते."

"घरी नेऊ नकोस," नर्सबाई म्हणाल्या. "वाटेत भंगारात टाक. पोरीच्या नजरेला पडता कामा नये."

वाचकहो, राग धरू नका असं मी म्हणणार नाही. ज्याने घाव सोसला, त्याला तो हक्क आहे. पण भांडायचं असेल, तर जिवंतपणी आणि समोरासमोर भांडा. आपण मागे ठेवलेला सूड कुणाच्या हातात पडेल, आणि त्याचा अंगठा केवढा असेल, हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नसतं.