गळ्यातले गाजर

सकाळी साडेसहाला गाय मेली. गोठेवाल्या बाईने फोनवर एवढेच सांगितले आणि ती रडू लागली.

"तिला कुणी हात लावू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वासरू लांब बांधा. मी येतेच."

फोन ठेवून त्या आपल्या मुलीच्या खोलीकडे गेल्या. बारकी पालथी झोपली होती. उजवा हात पलंगाबाहेर लोंबत होता, मधल्या बोटाच्या पेरावर पट्टी होती. तिची पाठ वरखाली होते आहे ना, हे बघत त्या दारातच उभ्या राहिल्या.

हे सगळे सुरू झाले सोमवारी. गाय चारा टाकून मान ताणून उभी होती, तोंडातून लाळेच्या तारा गळत होत्या.

"गाजर अडकलंय हो बाई," गोठेवाली म्हणाली. "पोतंभर आणली होती. अधाशी मेली, चावते कुठं!"

गव्हाणीत गाजरे होतीच. त्यामुळे डॉक्टरीणबाईंच्या डोक्यातही गाजरच बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी जनावरांच्या गळ्यातून काय काय काढले होते. पण बैलाच्या लाथेने मोडलेले मनगट अलीकडे पुरते वळत नसे.

"आई, मी बघू? माझा हात बारीक आहे."

बारकी सुट्टी म्हणून बरोबर आली होती. आई जिथे शिकली, त्याच पशुवैद्यकीय कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता आणि घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

"बघ. पण हातमोजा काढ आधी. त्यातून काही कळत नाही. बोटांनी बघायचं असतं."

हे वाक्य त्यांना त्यांच्या सरांनी दिले होते. ते कुणाला तरी द्यायची संधी आली, याचाच त्यांना आनंद झाला होता. त्यांनी गायीची जीभ बाहेर ओढून धरली. बारकीचा हात कोपरापर्यंत आत गेला.

"काहीच नाहीये गं. नुसतं गरम लागतंय."

"असेल. अजून आत जा."

"आई, खरंच नाहीये."

"असेल म्हणते ना!"

गायीने जबडा हलवला. दाढ घासून बोटाचे साल निघाले. बारकी हसली, "पहिली सलामी!" म्हणाली. आईही हसली.

दुसऱ्या दिवशी गाय बघायला दोघी परत गेल्या. गाडीचे दार उघडताच हंबरणे ऐकू आले. फुटक्या, घोगऱ्या आवाजात गाय हंबरायची थांबतच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी शिकताना ते एकदाच ऐकले होते. त्या गोठ्याच्या फाटकापाशीच थांबल्या. गळ्यात गाजर नव्हते. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग होता, रेबीज.

त्यांनी बारकीला नळाखाली ओढले आणि तिचे बोट साबणाने धूत राहिल्या.

"आई, कातडं जाईल आता."

"जाऊ दे."

धंद्यातले सगळे आधीच लस टोचून घेतात, तशी त्यांनी स्वतः घेतली होती. बारकीची राहिली होती. कॉलेज सुरू झाले की तिथे देतातच, मग आत्ता कशाला, असे त्याच म्हणाल्या होत्या.

गोठेवाली सुईचे नाव काढताच बिथरली. "माझ्या गाईनं मला कधी शिंग दाखवलं नाही."

"तोंडात हात घातला होतात का?"

"घातला की. तुमच्या आधी मीच घातला."

"मग बसा गाडीत."

"अशीच? अंगभर शेण आहे."

"गाडीला सवय आहे. बसा."

इस्पितळातल्या डॉक्टरांनी बारकीच्या जखमेतच औषध टोचले, दंडात लस दिली. "वेळेत आलात," ते म्हणाले. "आता काळजी नाही. तुम्हाला मी काय सांगायचं!" डॉक्टर म्हणून डॉक्टरीणबाईंना ते पटले. दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तर त्यांनीही हेच सांगितले असते.

आता गाय मेली होती. रोग पक्का करायचा तर मेंदूचा नमुना हवा. बारकी उठून केस बांधत बाहेर आली.

"मी येऊ?"

"नाही."

"उद्या मलाच करायचंय ना हे?"

"उद्या कर. आज नाही."

त्यांनी एकटीने काम केले. कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. नमुना बर्फात घालून शहरातल्या प्रयोगशाळेकडे रवाना केला, गाय खोल खड्ड्यात पुरून घेतली.

प्रयोगशाळेतून फोन आला तो चार दिवसांनी. डबा वाटेत कुठेतरी उन्हात पडून राहिला होता. नमुना सडला होता.

"निकाल देता येणार नाही, मॅडम."

"काहीच नाही?"

"हो किंवा नाही, दोन्ही सांगता येणार नाही."

बारकी सामान बांधत होती. आईने आडपडदा न ठेवता सांगितले. ती हातातल्या टॉवेलची घडी करत राहिली.

"म्हणजे वाट बघायची?"

"लस वेळेत झालीये. काही होणार नाही."

"आई, मी पेशंट नाहीये. किती वाट?"

"वर्षभर धर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बरं. मग ते वर्ष कॉलेजातच काढते." तिने टॉवेल पेटीत ठेवला. "आणि तू मला असं झोपेत येऊन बघत जाऊ नकोस. मला जाग असते."

बारकी आता पहिल्या वर्षाला आहे. इंजेक्शने पूर्ण झाली. गोठेवालीही धडधाकट आहे. तिने दुसरी गाय घेतली. काल संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी फोन केला, तेव्हा बारकी धापा टाकत बोलत होती.

"दम का लागलाय?"

"जिना चढतेय गं. तिसरा मजला."

"बरं. चढ."

आईने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पावले वाजत होती, श्वास ऐकू येत होता. मग दार उघडल्याचा आवाज आला, आत कुणीतरी मोठ्याने हसले, आणि फोन बंद झाला.