काकासाहेबांची उजवी वहाण

मित्रांनो, मी एक जुनी वहाण आहे, उजव्या पायाची. माझी डावी बहीण अजून रोज बाहेर जाते. मी मात्र धावडा गावातल्या एका घराच्या दारावर, पत्र्याखाली, काळ्या दोऱ्यानं टांगलेली आहे. खाली ओसरीकडे बघायची मला भीती वाटते.

आम्हा दोघींना तातेरावांनी शिवलं. वर चामडं, खाली टायरचा तळ. काकासाहेबांच्या पायात पडलो आणि आमचं नशीब उघडलं. सकाळी भाकरी-ठेचा बांधून ते चालत शेताला निघायचे, ढेकळं तुडवत, ओढा ओलांडत. एखादा खडा आत शिरला की जागीच थांबायचे, मला झटकायचे आणि त्या खड्याला चार शिव्या हासडायचे! त्या शिव्या ऐकायला मी आज काहीही देईन.

पुढं त्यांच्या मुलानं, भारतनं, मोटारसायकल घेतली. शेताची वाट गाडीवर सरू लागली आणि उरलेला दिवस स्टँडवरच्या हॉटेलात बाकावर जाऊ लागला. कुणी आलं की चहा, कुणी निघालं की चहा. सोबत भजी, शेव, कधी जिलेबी. मी बाकाखाली रिकामी पडून राहायचे. मग एकदा काकासाहेबांना चक्कर आली आणि डॉक्टरांनी शुगर सांगितली. गोळ्या दिल्या, गोड सोडायला सांगितलं, रोज चालायला सांगितलं. त्यातल्या गोळ्या तेवढ्या काकासाहेबांनी मनावर घेतल्या. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई चहात साखर कमी घालायच्या, तर कप तसाच परत यायचा.

"अहो, डॉक्टर काय म्हनले व्हते?"

"मंग गोळी खाल्ली न्हाई का म्या? लग्नात जेवायचं असलं तर दोन खातो. बराबर होतंय सगळं!"

पायाला मुंग्या येऊ लागल्या. काही महिन्यांनी त्याही थांबल्या. काकासाहेबांना वाटलं, बरं झालं. मला मात्र धसका बसला, कारण तो पाय मला ओळखेनासा झाला होता.

एका दुपारी बाभळीचा काटा माझ्या तळातून आरपार गेला. मी वाट बघत राहिले. आता थांबतील, आता शिवी देतील. पण ते कुणाशी तरी हसत बोलत चालतच राहिले. दर पावलाला काटा त्यांच्या टाचेत शिरत होता आणि मला ओरडता येत नव्हतं. घरी आल्यावर मला दारात काढलं. तळवा कुणी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा आत. पुढं घरात वास येऊ लागला, तेव्हा दुर्गाबाईंनी पाय उलटा करून पाहिला आणि तोंडात पदर कोंबला. जालन्याच्या दवाखान्यातून काकासाहेब आले ते कुबड्या घेऊन. गुडघ्याखाली उजवा पाय नव्हता.

शेजारच्या चांगुणाबाई म्हणाल्या, "नजर लागली बाई कुनाची तरी." म्हणून नजर उतरवायला मला इथं टांगलं. मला हसावं की रडावं कळेना. चहाचे ते सगळे कप साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोरच तर रिकामे झाले होते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला शुगर असेल, तर रोज त्यांचे तळवे हातात घेऊन बघा. वहाण झटकून द्या. कप परत आला तरी साखर वाढवू नका, आणि त्यांचा हात धरून त्यांना चालायला न्या. लाजू नका, रागावले तरी ऐकू नका. ही विनवणी मी का करते, ते कालचं ऐकाल तर कळेल.

काल दुपारी काकासाहेब ओसरीवर टेकले होते. एकदम ओरडले, "दुर्गे, जल्दी ये! उजवी वहाण काढ पायातली. काटा रुतून राह्यलाय!"

दुर्गाबाई धावत आल्या. कापलेला पाय असा दुखतो कधी कधी, हे त्यांना दवाखान्यात सांगितलेलं होतं. त्यांनी एकदा वर माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसल्या आणि जिथं पाऊल असायला हवं होतं, तिथल्या फरशीवरून अलगद हात फिरवला.

"काढली, बघा."

"न्हाई काढली," काकासाहेब लेकरासारखे रडत म्हणाले, "अजून टोचून राह्यलंय."