माशांचा डबा

फिल्टरची धार बारीक होत चालली आहे हे मोनालीच्या लक्षात आलं, तेव्हा तिने कारणही लगेच ठरवून टाकलं.

बोरगाव मेघेतल्या त्यांच्या घरी, समोरच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली काचेची टाकी होती. तिच्यात गोल्डफिश होते आणि कोपऱ्यात, पाण्यात बुडालेला एक जुना काळा फिल्टर. खाली स्पंज, वर छोटी मोटर. मोटर स्पंजमधून पाणी ओढायची आणि तोटीतून परत टाकीत सोडायची. पूर्वी त्या धारेने पाण्यावर लाट उठायची. आता पाणी ताटात ठेवल्यासारखं स्थिर असायचं, आणि सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायचे.

मोनाली कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. तिने फिल्टर उघडला. स्पंजभोवती गुंडाळलेला कापूस बुळबुळीत झाला होता. उरलेलं खाणं कुजलं की असंच होतं. खाणं उरतं, म्हणजे ते जास्त पडतं. खाणं टाकायचं काम सासऱ्यांचं, रामाजींचं. म्हणजे ते विसरतात आणि दोनदा टाकतात. प्रत्येक पायरी तिला पक्की वाटली. तिने कापूस बदलला, स्पंज धुतला. धार थोडी सुधारली आणि आठवड्याभरात पुन्हा बारीक झाली. तिची खात्रीच पटली.

त्या रविवारी पुलगावहून मोठी नणंद वर्षाली आली होती. जेवता जेवता ती टाकीकडे बघून म्हणाली, "बाबा, तुमचे मासे काऊन असे तोंड वासून राह्यले? उपाशी ठेवता का त्याईले?"

"उपाशी कुठले, ताई," मोनाली म्हणाली. "बाबा दोनदा खायला टाकतात. त्यानेच फिल्टर तुंबतो."

रामाजींनी हातातला घास ताटात ठेवला. "मी एकच डाव टाकतो. सकाळी, चहा झाल्यावर."

"तुमच्या लक्षात राहत नसेल, बाबा. या वयात होतं तसं."

वर्गात उत्तर सांगावं तशा आवाजात ती हे म्हणाली. रामाजींनी जन्मभर एसटीत कंडक्टरची नोकरी केली होती. खच्चून भरलेल्या गाडीत कोणाचं तिकीट राहिलं आहे हे आपल्याला नुसतं चेहऱ्यांवरून कळायचं, ही गोष्ट त्यांनी प्रत्येक पाहुण्याला सांगितलेली. त्या दिवशी सांगितली नाही. ते हात धुऊन आले आणि माशांच्या खाण्याचा डबा त्यांनी मोनालीच्या समोर ठेवला.

"आता तूच टाकत जाय, बेटा."

त्यानंतर वर्षालीचे रोज फोन येऊ लागले. बाबा, गोळी घेतली का? कधी घेतली? नक्की? रामाजी आधी चिडून उत्तर द्यायचे, मग अडखळून देऊ लागले. गॅस बंद आहे ना हे पाहायला ते स्वयंपाकघरात परत परत जायचे. एकदा बाजारातून आल्या आल्या त्यांनी मुलाला विचारलं, "अश्विन, जाताना किल्ली मी तुह्याजवळच देल्ली होती न?" त्याच्याजवळच दिली होती. तरी विचारलं. स्कूटर त्यांनी आपणहून चालवायची सोडली. शेवटी वर्षालीने ठरवलं की बाबांना आता आपल्याकडे पुलगावला न्यायचं, तिथे दिवसभर कोणी ना कोणी घरी असतं. रामाजी नाही म्हणाले नाहीत.

इकडे डबा मोनालीच्या ताब्यात होता आणि ती अगदी मोजकं खाणं टाकत होती. धार मात्र बारीकच राहिली.

वर्षाली बाबांना न्यायला येणार होती त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, मोनालीने फिल्टर पुन्हा काढला. या वेळी तिने स्पंज बाजूला ठेवला आणि नुसती मोटर बादलीत बुडवून चालवली. स्पंज नव्हता, तरी धार तेवढीच. दोष तुंबण्यात नव्हताच. तिने मोटरखालचं झाकण फिरवलं आणि आतला लहानसा पंखा ओढून काढला. त्याच्या दांडीवर पांढरट धागे आवळून बसले होते, चरख्याच्या चातीवर सूत बसतं तसे.

तिने चिमट्याने एक धागा ओढला. कापूस होता.

फिल्टरसोबत मिळालेली पांढरी कृत्रिम गादी उन्हाळ्यात संपली होती. तेव्हा तिने औषधांच्या पेटीतला कापूस घेतला. प्रयोगशाळेत नरसाळ्यात कापसाचा बोळा ठेवून ती इतकी वर्षं द्रावणं गाळत आली होती. दुसरं काही मनातच आलं नाही. पण ते गाळणं घटकाभराचं असतं. पाण्यात आठवडेच्या आठवडे राहिलेला कापूस स्वतःच कुजतो. ती बुळबुळ त्याची होती. त्याचे सुटलेले धागे मोटरने आत ओढले होते.

मुलांना ती सांगायची, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, मग बोला. इथे तिने काही न बघता निकाल दिला होता, आणि तो फिल्टरबद्दल नव्हता, माणसाबद्दल होता.

तिने धागे सोडवून एका बशीत ठेवले, पंखा जुन्या ब्रशने घासला, कापूस न घालता फिल्टर लावला. धार जोरात आली. टाकीभर लाट उठली.

संध्याकाळी अश्विनने दारातूनच ते पाहिलं. "अरे वा. पाहा बाबा, मोनाली म्हणत होती न? खाणं कमी झालं, फिल्टर सुरू."

रामाजी उठून टाकीजवळ आले. "हो न. माहंच चुकून राह्यलं होतं. बरं झालं तू ध्यानात आणून देल्लं, बेटा."

आत्ता बोलायला हवं, हे मोनालीला कळत होतं. "चहा ठेवते," म्हणून ती आत गेली. तिने बशी उचलून कचऱ्याच्या डब्यावर धरली. मग ती साखरेच्या बरणीमागे सरकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी वर्षाली आली तेव्हा रामाजींची बॅग भरून तयार होती.

"स्वेटर घेतला, बाबा?"

"घेतला."

"गोळ्या?"

"घेतल्या. थांब, पाहतो." ते खाली बसले आणि त्यांनी बॅगेची चेन उघडली. गोळ्या वरच होत्या. मोनालीने सकाळपासून त्यांना असंच दोनदा पाहताना पाहिलं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली, बशी घेऊन आली आणि टीपॉयवर ठेवली.

"ताई, फिल्टरमध्ये हे अडकलं होतं. कापूस आहे. मी घातलेला. खाण्याचा काही संबंध नव्हता."

वर्षालीने बशीत पाहिलं, मग तिच्याकडे. "अन् मंग तू त्या दिवशी ते काय बोलली?"

"चुकीचं बोलले. सगळ्यांच्या समोर बोलले."

"काल काऊन नाई सांगितलं?" अश्विन म्हणाला.

"लाज वाटली."

रामाजी चेनवर हात ठेवून बसले होते. "म्हणजे मी एकच डाव टाकत होतो," ते म्हणाले.

हो म्हणणं सोपं होतं. "मला माहीत नाही, बाबा. तुम्हाला दोनदा टाकताना मी कधीच पाहिलं नाही. मी पाहिलंच नव्हतं."

"पाहिलं नाई अन् बोलली."

"हो."

"असं बिना पाहता मी कोणाले फुकट्या म्हटलं असतं न, तर लोकाईनं मले गाडीतून उतरवलं असतं."

वर्षालीला हसू आलं. मोनालीला आलं नाही. रामाजींनी बॅग पायाने बाजूला सारली. "मी नाई येत, वर्षाली."

"दोन दिवस तरी चला. राहून या न."

"पाहुणा म्हणून येईन कधी. सामान म्हणून नाई."

वर्षाली दुपारी एकटीच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मोनालीने माशांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. रामाजींनी झाकण उघडलं, चिमूटभर दाणे घेतले, लाटेवर टाकले. मासे वर आले. त्यांनी झाकण लावलं. पण डबा फळीवर ठेवला नाही. तो हातात धरून ते तसेच उभे राहिले.

"मोनाली बेटा."

"काय बाबा?"

"टाकलं न मी?"

"टाकलं, बाबा."

"तू पाहिलं न?"

"पाहिलं," ती म्हणाली. तिने खरंच पाहिलं होतं, तरी त्यांच्याकडे न बघता तिची नजर तोटीवर होती. पाणी जोरात पडत होतं.