खिडकीएवढी पृथ्वी

थोरल्या बहिणीने अंतराळातून पृथ्वी पाहिली होती. ती लोकांनाही दिसावी म्हणून धाकटीने वर्षभर खपून एक खोली उभी केली. यंत्रांच्या प्रकाशातून छतापासून जमिनीपर्यंत उमटलेली निळी पृथ्वी फिरायची आणि माणूस मधोमध टांगलेल्या झुल्यात बसायचा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ताई आली, झुल्यात बसली आणि थोड्याच वेळात म्हणाली, "बंद कर गं जरा."

अंधारात नुसती यंत्रांच्या पंख्यांची घरघर उरली. ताईने तिचा हात घट्ट धरला. "हं, आता तिथल्यासारखं वाटतंय. यानातही अशीच घरघर असायची."

"अगं, पण पृथ्वी?"

"ती छोट्याशा खिडकीत असायची. कामातून मान वर केली की दिसायची. तुझी जास्त सुंदर आहे."

हे कौतुक की टोमणा, धाकटीला काही उमजेना. रागही आला, रडूही आलं. शेवटी तिने सगळं काळ्या कापडाने झाकलं आणि फक्त खिडकीएवढी जागा उघडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी लोक त्या खिडकीशी दाटीवाटीने उभे राहिले. कुणी हलायलाच तयार होईना. "जमलं की गं तुला," ताई कुजबुजली. धाकटीने मान डोलावली, पण आपल्याला नेमकं काय जमलं, हे काही तिला कळेना.