मुंजाजींच्या छातीचं दुखणं

भक्तीला एमबीएच्या कॅट परीक्षेत चौसष्ट पर्सेंटाइल पडले, तेव्हा पेडगावात आनंद झाला तो फक्त तिच्या वडिलांना. "चौसष्ट म्हंजे फर्स्टक्लास झाला की!" मुंजाजी म्हणाले. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, देशातली हजारो पोरं आपल्या पुढं आहेत, हे सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिनं विषय बदलला.

तरी तिनं मोठमोठ्या कॉलेजांत एमबीएसाठी अर्ज केले. बहुतेकांनी उत्तरही दिलं नाही. पुण्याच्या एका कॉलेजनं मात्र मुलाखतीला बोलावलं. परभणीच्या दूध संकलन केंद्रावर ती नोकरी करायची. खेड्यांतल्या बायकांना दुधाचे पैसे नवऱ्याच्या नाही, स्वतःच्या खात्यावर मिळावेत म्हणून तिनं बरीच खटपट केली होती. अर्जात तिनं त्याबद्दल लिहिलं होतं. बोलावणं त्यामुळंच आलं असावं.

मुंजाजी सोबत आले. साठीला टेकलेला माणूस, पण साध्या तापानंसुद्धा कधी अंथरूण धरलं नव्हतं. ते बाहेर कडुनिंबाखाली बसले आणि भक्ती आत गेली. आत कोट घातलेली पोरं-पोरी एकमेकांना मार्क विचारत होती. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. तिला कुणीतरी विचारलं तेव्हा ती पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेली.

मुलाखतीला तिघं जण होते. मधल्या बाईंनी कागद बघून इंग्रजीत विचारलं, "काम तर चांगलं केलंय तुम्ही. मग स्कोअर इतका कमी का?"

भक्तीचे कान तापले. तिघंही तिच्याकडं बघत होते.

"परीक्षेच्या आठवड्यात वडिलांना हार्ट अटॅक आला होता," ती म्हणाली.

तिघांचे चेहरे एकदम निवळले. बाईंनी "सॉरी" म्हटलं आणि तो विषय तिथंच सोडला. पुढं दुधावर, बायकांवर भक्ती चांगली बोलली.

दुपारी बापलेक झाडाखाली भाकरी खात बसले होते. त्याच बाई समोरून आल्या आणि भक्तीला बघून थांबल्या.

"हे वडील का? आता कशी आहे तब्येत?" बाई मराठीत म्हणाल्या. "अटॅक येऊन गेल्यावर एवढा प्रवास करायला नको होता हो."

मुंजाजींनी लेकीकडं बघितलं. भक्तीनं मान खाली घातली. हातातला घास खाली ठेवून मुंजाजींनी तळहात छातीवर नेला.

"आता बरी हाय, मॅडम," ते म्हणाले. "पोरीनं लय केलं माझं."

काळजी घ्यायला सांगून बाई निघून गेल्या. मुंजाजींनी हात छातीवरून काढला, उरलेली भाकरी फडक्यात बांधली.

"अप्पा..."

"गाडी चुकंल. चल."

परतीच्या गाडीत दौंड मागं पडल्यावर मुंजाजींनी विचारलं, "खरं काय झालतं परीक्षेत?"

"इंग्रजीचे उतारे होते, अप्पा. दोन-दोनदा वाचले तरी कळंनात. मग घाबरले. जे येत होतं तेबी चुकलं. शेवटी कसलीबी उत्तरं दिली."

"मग हेच सांगाया काय झालतं?"

"लाज वाटली."

"आन् माझ्या छातीचं सांगाया न्हाई वाटली?"

भक्ती रडायला लागली. समोरच्या बाकावरची बाई बघायला लागली, तसे मुंजाजी खिडकीकडं तोंड करून बसले.

महिनाभरानं निवड झाल्याचा मेल आला. आई, चतुराबाई, साखर वाटायला गल्लीत निघाली. मुंजाजी "झालं का" एवढंच म्हणाले आणि पायात वहाणा अडकवून शेताकडं गेले. त्यांनी घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. पुण्याहून आल्यापासून भक्तीशी मात्र ते लागेल तेवढंच बोलत होते.

भक्तीनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी केंद्रावरच्या टाकीमागं उभं राहून तिनं कॉलेजला फोन लावला आणि मुलाखतीतल्या बाईंशी बोलायचंय म्हणून सांगितलं. सगळं सांगितलं, उताऱ्यांचंसुद्धा.

"हे तेव्हाच सांगितलं असतं तर कदाचित आम्ही तुम्हाला घेतलंही असतं," बाई म्हणाल्या. "आणि वडीलही खोटं बोलले?"

"त्यांना काहीच माहीत नव्हतं, मॅडम. माझी अब्रू झाकायला बोलले. त्यात त्यांचा दोष धरू नका."

"प्रवेश रद्द करावा लागेल. पुढच्या वर्षी अर्ज करायला कुणी अडवणार नाही. पण तुम्हाला सगळे लक्षात ठेवतील."

संध्याकाळी मुंजाजी गोठ्यात वैरण टाकत होते. भक्तीनं तिथंच जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा केला.

"आईला कोण सांगनार?" त्यांनी विचारलं.

"तुमी सांगता का, अप्पा?"

"न्हाई. मी एकदा बोललो तुझ्यापायी. आता तू सांग."

चतुराबाई चुलीपुढं बसून शेजारच्या सविताला लेकीच्या कॉलेजचं कौतुक सांगत होती. भक्ती दारात उभी राहिली. सविता निघून जाईपर्यंत थांबावं, असं तिला फार वाटलं. मग ती आत गेली आणि दोघींच्याही समोर बसली.

"आई," ती म्हणाली, "माझं जायचं रद्द झालं. माझ्याच खोट्यानं झालं."